काशीरामचा डबा गळत नाय

…आन् वर मलाच विचारतो, आक्का, पेटीला बिजागऱ्या दोन लावू का तीन? आता तुमीच सांगा, मी रंगाची पेटी कधी बघितली होती का? माझ्या जन्मात पेट्या बघितल्या त्या तांदळाच्या, कपड्यांच्या, आन् एक भजनवाल्यांची, ती पण लांबून. शाळेची पायरी मी चढले नाय, आन् हा माझा धाकटा भाऊ, तेव्हा पस्तिशीचा घोडा, पत्र्याची कातर हातात धरून मला बिजागऱ्या विचारतो! तुमाला सांगते, ती जनी दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली ना, त्या दिवसापासून आमच्या घरात भात करपला तरी कुणाला वास येत नव्हता.

तसा काशीराम कामाला वाकडा नाय हां. आमचा बाप मिठागरावर राबून राबून गेला, पण ह्यानं टपाल नाक्याजवळ पत्र्याचं दुकान टाकलं. घासलेटचे रिकामे डबे घ्यायचे, कापायचे, ठोकून सरळ करायचे, आन् त्याच्या चिमण्या करायच्या, गाळण्या करायच्या, दुधाची मापं, पाण्याचे पोहरे, काय म्हणाल ते. आन् एक खोड. डबा झाला की दिवेलागणीला काठोकाठ पाण्यानं भरायचा. माझ्या चुलीतली राख घ्यायची, चाळायची, पाटावर सारखी पसरायची, आन् भरलेला डबा तिच्यावर ठेवून द्यायचा. सकाळी उठला की तोंडावर पाणी मारायच्या आधी डबा उचलून राखेकडं बघायचा, जोशीबुवा पत्रिकेकडं बघतात तसा. राख कोरडी, तर डबा गिऱ्हाइकाला. मोहरीएवढा ओला ठिपका दिसला, की सांध्यांचे सगळे कथलाचे डाग उकलून पुन्हा पहिल्यापासून. कुणी कितीही घाई करू दे, ते पाणी आन् ती राख चुकायची नाय. म्हणून तर उरणपर्यंत लोक बोलायचे, काशीरामचा डबा गळत नाय. एवढंच काय ते त्याचं नाव, एवढीच काय ती त्याची इस्टेट.

बरं, ही जनी कोण? तर कमळाकर शेठचा फोटोचा स्टुडिओ होता ना, तिथं फोटो रंगवायची. तेव्हा फोटो यायचे काळे-पांढरे. मंग ही बारीक कुंचला घेऊन बसायची, आन् नवरीचं लुगडं हिरवं करायची, कुंकू लाल करायची, गाल गुलाबी करायची. आमच्यातलीच पोर, सोयरीक जमण्यातली. पण बापाच्या दुखण्यात लग्नाचं वय निघून गेलं, अठ्ठावीस झाली होती. सातवी शिकलेली, म्हणून 'आहे-नाही' करून बोलायची. तिचे रंग कशात असायचे म्हणाल? खाऊन टाकलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांत! मुंबईहून रंगाच्या वड्या मागवायची, एकेका शिंपल्यात एकेक ठेवायची, आन् शेठचं मांजर आलं की सगळे शिंपले टेबलाखाली.

तर ती आली आन् बोलली, "काशीरामदादा, मला रंगांची पेटी करून द्याल का?"

दादा! पहिल्याच वाक्याला दादा! मी आत तांदूळ निवडत होते, माझ्या हातातला खडा परत तांदळात पडला. एवढ्या वर्षांनी एक धड बाई आपल्या पायानं चालत दुकानात आली, तर तिनं भाऊच करून टाकला. पण काशीरामला कुठं कळतंय? तो तिच्या हातांकडं बघत होता. ती हातानं हवेत दाखवत होती, एवढी लांब, वहीएवढी रुंद, आत बारा घरं, झाकण असं आडवं उघडायचं आन् आतून पांढरं, त्यावर रंग कालवायचे, खाली कडी, त्यात अंगठा अडकवायचा. आन् हा बघतोय, जशी काय पेटी तिथं हवेत तयारच हाय, फक्त खाली उतरवून घ्यायची. "होईल" बोलला. एवढंच. मी म्हटलं, देवा, जीभ दिलीस ती काय डाग द्यायला?

मंग सुरू झालं. अकरा दिवस, तुमाला सांगते, अकरा दिवस! घासलेटच्या डब्याला हात लावला नाय. घासलेटचा वास रंगांना लागेल म्हणे. मुंबईहून कोरा पत्रा आणला. एक पेटी केली, मोडली. दुसरी केली, कोपरा बोटाला लागतो म्हणून मोडली. पत्र्याची धार कुठं तिच्या बोटाला कापू नये म्हणून सगळ्या कडा आत वळवल्या, बाराच्या बारा घरांच्या! आन् मी ह्याच्या विळीसारख्या धारेच्या झाऱ्यानं पंधरा वर्षं भजी तळत होते, माझी बोटं काय देवळातून आणलेली? तिकडं दूधवाला दाजी रोज येऊन डोकं खायचा. "काशीराम, माजं माप झालं का रं? आरं, म्हशी काय तुज्या पेटीसाठी दूध द्यायच्या थांबतील काय?" हा झाकणाला पांढरा रंग देतोय, सुकवतोय, पुन्हा देतोय, आन् एकेका घराला कथलाचा डाग असा बारीक देतोय, की बाईनं नाकात मोरणी घालावी. गळायला नको ना. काशीरामचा डबा गळत नाय.

मंग कडीपाशी अडलं. अंगठ्याचं माप पायजे. जाऊन घे म्हटलं, तर कानापर्यंत तांबडा झाला. हातात सुताचा तुकडा देऊन मलाच धाडला. मी स्टुडिओत गेले, जनीच्या अंगठ्याला सूत गुंडाळलं, आन् बोलले, आता आलेच हाय तर शेजारच्या बोटाचं पण घेऊन ठेवते, पुढंमागं अंगठी करायची झाली तर. ती हसली. पण हसता हसता डोळ्यात पाणी कुठनं आलं? मंग कळलं. कोन गावची सखूबाई होती, मिठागरवाली. तिचा नवरा दोन वर्षांमागं वारला. त्याचा जत्रेत काढलेला एकच फोटो, तो तिनं मोठा करून रंगवायला दिला होता. दोनदा रंगवला, दोनदा तिनं परत केला. "यो माजा नाय," बोलायची, "यो कुनी सायब हाय." आता जनीचा काय दोष? मुंबईच्या वडीत अंगाचा रंग म्हणून जो येतो, तो गोऱ्या सायबाच्याच अंगाचा! त्यात मिठागरातला माणूस बसणार कसा? पण शेठनं सांगून टाकलं, तिसऱ्यांदा फोटो परत आला तर तुझं काम बंद. आन् काम बंद म्हंजे जनी आपट्याला मावशीकडं जाणार. कायमची.

हे मी घरी येऊन काशीरामला सांगितलं. त्यानं हातोडी जी बोटावर घेतली ना, ती नख काळं होईपर्यंत. रात्री जेवताना मी धरलाच. बोलले, बघ, ती पेटी न्यायला येईल तेव्हा विचार. माझ्याकडनं नको, तू विचार. 'घर हाय, दुकान हाय, थोरली बहीण हाय ती वाईट नाय,' एवढं जरी बोललास तरी पुरे. त्यानं भाताचा घास हातात धरला, धरला, आन् शेवटी मान डोलावली. पस्तीस वर्षांत पयल्यांदा! मी त्या रात्री देवापुढं साखर ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनी आली, सगळ्या वड्या घेऊन. पेटी बघितली. झाकण उघडलं, मिटलं, कडीत अंगठा घातला, तो असा बसला की काय सांगू. मंग एकेक वडी एकेका घरात चिकटवून बसवली. बारा रंग, नवे, महिनाभर वाट बघून मुंबईहून आलेले! बसवून झाल्यावर बोलली, बिजागरी थोडी घट्ट वाटते. काशीराम बोलला, सैल करून ठेवतो. ती बोलली, मग सकाळी नेते, उद्या सखूबाई येणार आहे. आन् गेली. हा दारात उभा. मी म्हटलं, विचारलंस? तर बोलतो, पेटी हातात देताना विचारीन.

संध्याकाळ झाली. मी दिवा लावला. चुलीतली राख घ्यायला तो आला, ती मी दिली. हो, मीच दिली! माझ्या ह्या हातानं! पंधरा वर्षं रोज देत होते, त्या दिवशी हात कसा थांबणार? त्याचाही हात थांबला नाय. डोकं लग्नाचा विचार करत होतं, हात आपलं काम करत होते. बिजागरी सैल केली, झाकण उघडलं, तांब्या घेतला, आन् भरली पेटी काठोकाठ. राखेवर ठेवली. आन् दोघं बहीण-भाऊ समाधानानं झोपलो.

सकाळी मला हाक आली. असा आनंदानं ओरडला की मी पीठ टाकून धावले. "आक्का, बघ! बारा घरं, आन् राखेला एक थेंब लागला नाय!" पेटी उचलून मला राख दाखवतोय. कोरडी ठणठणीत. मी राखेकडं बघितलं, मंग त्याच्याकडं बघितलं, मंग पेटीत बघितलं. मंग त्यानं पण बघितलं.

पावसाळ्यात गाढी नदीला पूर येतो, तेव्हा पाणी कसं दिसतं? तसं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. लाल नाय, पिवळा नाय, हिरवा नाय, बारा रंगांचं एक मातकट डबकं, आन् त्यात कुठं कुठं वड्यांची उरलेली हाडं. मी खाली बसले. काशीरामचा डबा गळत नाय, म्हटलं, अरे मेल्या, आज तरी गळायचा होता!

तेवढ्यात जनी आली. केस विंचरून, चांगलं लुगडं नेसून. आता ह्यानं काय करावं? लपवावं, कायतरी सांगावं, मांजर आलं म्हणावं, मी साक्ष दिली असती! नाय. उघडी पेटी दोन्ही हातांत धरली, देवाचं ताट धरावं तशी, आन् तिच्यापुढं केली.

जनीनं बघितलं. किती वेळ बघितलं! मी मनात आपट्याची बैलगाडी जुंपली. मंग ती हळूच बोलली, "गळत नाही, वाटतं."

आन् पाणी सांडू न देता पेटी घेऊन स्टुडिओकडं चालू लागली. मी तिच्या मागं. काशीराम माझ्या मागं, एका पायात चप्पल.

सखूबाई येऊन बसलीच होती. शेठ गल्ल्यावर. दुसरे रंग कुठनं आणणार? जनीनं नव्यानं छापलेला काळा-पांढरा फोटो पुढं घेतला, कुंचला त्या डबक्यात बुडवला, आन् कपाळापासून सुरवात केली. मी देवाचं नाव घेत होते. पाणी घालून पातळ केलं, गालाला दिला. दाट केलं, मानेला दिला. आन् हळूहळू, तुमाला सांगते, त्या फोटोतनं एक माणूस वर यायला लागला. उन्हानं भाजलेला, मिठाच्या वाऱ्यानं रापलेला. आमचा बाप संध्याकाळी मिठागरातनं घरी यायचा, तोच रंग. काशीरामनं पण तो वळखला, मी बघितलं ना, त्यानं अंगातली पैरण नीट केली, बापापुढं करायचा तशी.

जनीनं फोटो सखूबाईपुढं धरला. ती बघत राहिली. मंग खांद्यावरचा पदर उचलला आन् डोक्यावरनं घेतला, नवरा दारात आल्यावर घेतात तसा. "कवाचे आलात?" एवढंच त्या फोटोला विचारलं.

शेठसुद्धा खोकला दाबून बसला. फोटो परत आला नाय. काम बंद झालं नाय.

बाहेर आलो, तर हा माझा भाऊ भिंतीशी उभा, चोरासारखा. मी त्याला कोपरानं ढोसलं. आता तरी विचार! तर काय बोलला असेल? "रंग मुंबईहून नवे आणून देतो."

जनी बोलली, "आणाल हो. पण हा रंग मला पुन्हा लागेल. बारा नव्या वड्या रात्रभर पाण्यात घालून ठेवायची छाती मला होणार नाही. ते तुम्हालाच जमतं." आन् वर बोलली, "तेव्हा तुमच्याच घरी राहावं लागेल, असं दिसतं."

आन् माझ्या ध्यानात आलं, ह्या खेपेला 'दादा' नव्हतं.

काशीराम काय बोलला? "होईल" बोलला! पेटीला बोलला होता तसंच! पण ह्या वेळी तिच्या तोंडाकडं बघून बोलला, म्हणून मी सोडून दिलं.

लग्न झालं त्याला आता पंधरा वर्षं होतील. लग्नाचा फोटो जनीनंच रंगवला. हा बघा, भिंतीवर हाय. नवऱ्याला कसा केलाय? जसा हाय तसा, अस्सल मातकट! आन् स्वतः? गोरी गोरी, पेरूच्या फोडीसारखी! मी बोलले, अगं, हे काय? तर बोलते, आक्का, तो रंग तुमच्या भावालाच पुरला. बरं, राहू दे. आन् ही मागं उभी हाय ती मी. काळी-पांढरी. मला कुंचलाच लावला नाय! विचारलं तर हसून बोलते, "आक्का, तुम्हाला रंग लागतच नाही." आता ही तारीफ की टोमणा? पंधरा वर्षं रोज भांडी घासताना विचार करत्येय, अजून कळलं नाय. तिलाच विचारलं असतं, पण नणंदेनं विचारलं की त्याला भांडण म्हणतात… म्हणून आपली गप्प हाय.