पुलावरचा गंज

मालवण एसटी स्टँडवर यमुनाबाईंनी मासळीची रिकामी पाटी बाकाखाली सारली आणि शेजारच्या बहीणभावाकडे कान लावला.

"ताये, आपल्या जुन्या व्हिडिओगेमची चिप चालायची, तश्शीच चालणारो प्रोग्राम मी कॉम्प्युटरात लिवलंय. दोन वर्सां गेली. खेळ पुलार अडकायचो, ता अडकणा पण तसाच लिवलंय."

"अरे दीपेश, तो आपल्याच घरात अडकायचो! खाऱ्या वाऱ्यान कॅसेटीतली पट्टी गंजलेली."

"मुंबयच्या मित्रान पण ह्याच सांगल्यान, तेच्याकडे खेळ कधी अडकलोच नाय. म्हणान ता अडकणा काढून टाकलंय."

"बरा केलंस."

"बाबांका खेळाक दिलंय. पूल सरळ पार झालो. त्यांनी रिमोट खाली ठेवल्यांनी. म्हणाले, आपलो खेळ न्हय ह्यो."

"मगे?"

"मगे काय? आता गंज परत लिवतंय."