बुडबुडा

शालिग्राम : पुस्तक वाचून राह्यली का टाकी पाहून राह्यली?

अनुपमा : दोन्ही.

शालिग्राम : दोन्ही नाई होत. मी हौदात दाबून धरली तिले, हात गारठले माहे. मानेपाशी पाह्य, व्हॉल्व्हच्या बुडाशी. बुडबुडा येते का?

अनुपमा : नाही येत.

शालिग्राम : नीट पाह्य. माह्या डोयाले आता बारीक दिसत नाई.

अनुपमा : नाही हो बाबा. हे काय पंक्चरवाल्यासारखं? सायकलची ट्यूब आहे का ही?

शालिग्राम : भोक असलं का बुडबुडा येते. ट्यूब असो का टाकी.

अनुपमा : पाण्याखाली हिच्यातली हवा घेता तुम्ही. किती जुनी आहे?

शालिग्राम : मुंबईच्या भंगारातून जोडी आणली तवा तू सहावीत होती. टाकीवर शहाऐंशी लिवलेलं हाय. तुह्यापेक्षा मोठी.

अनुपमा : मग पेन्शन द्या तिला आता.

शालिग्राम : काऊन? अॅल्युमिनिअम हाय, गंजत नाई. तुह्या मायची भाताची पातेली पाह्य, आमच्या लग्नातली. अजून चुलीवर चढतात.

अनुपमा : बरं. आता कुठली विहीर?

शालिग्राम : हिवरा आश्रमच्या पुढं. मोटर पडली साठ फुटात. परवा देवानंदच्या वेल्डिंगच्या दुकानात टाक्या भरतो अन् तसेच जातो दोघं. तू उद्या सकाळच्याच गाडीनं ना?

अनुपमा : हो, कॉलेज आहे.

शालिग्राम : अन् पाण्यात जाऊन राह्यलो म्हून मायले सांगू नको. थंडी हाय, उगा बोंबलत बसन.

अनुपमा : नाही सांगत.

शालिग्राम : मंग झाली टेस्ट. वाच तुहं पुस्तक.

(महिन्याभरानंतर. तेच अंगण. जोडीतली एकच टाकी भिंतीला टेकवून ठेवलेली.)

देवानंद : ...म्हून म्हटलं, ही एक तरी मले दे, अनु. भाऊची आठवण म्हून.

अनुपमा : आठवण रिकामी ठेवणार की भरून?

देवानंद : आँ?

अनुपमा : बाबांना जाऊन चार दिवस झाले नव्हते, तेव्हाही तुम्ही आला होता. आईने सांगितलं मला. तुम्ही विचारलंत, दुसरी टाकी कुठंय.

देवानंद : वहिनी रडून राह्यली होती. तिच्यासमोर काय बोलू मी? तोंडात आलं ते इचारलं.

अनुपमा : तोंडात टाकी आली.

देवानंद : वकिलासारखी बोलू नको. तुले काय म्हणायचं ते म्हण.

अनुपमा : टाकी तुमच्या दुकानात फुटली. तुमच्या कॉम्प्रेसरवर भरताना. बाबा जागच्या जागी गेले आणि तुम्हाला ओरखडा नाही. कुठे होता तुम्ही?

देवानंद : पोलिसाले सांगितलं ना. हॉटेलात. चहा आणाले.

अनुपमा : कोणासाठी?

देवानंद : दोघासाठी.

अनुपमा : बाबांचा चहा दोन वर्षांपूर्वी सुटला. शुगर निघाल्यापासून.

देवानंद : मंग माह्यासाठी. चहा प्यायची चोरी हाय का आता?

अनुपमा : आधी दोघांसाठी होता.

देवानंद : अनु, तुह्या बापासंगं तीस वर्षं पाण्यात उतरलो मी. तू पुण्याहून येते अन् माह्यी उलटतपासणी घेते?

अनुपमा : घेते. ही टाकी मी पुण्याला नेली होती, काका.

देवानंद : काऊन? केस करते का माह्यावर?

अनुपमा : टाक्या तपासतात तिथे नेली. पाणी भरून दाब देतात, टाकी किती फुगते आणि परत किती बसते ते मोजतात. त्याआधी मानेचे आटे आतून बघतात. तिथल्या माणसाने हिला दाबच दिला नाही. साल बघितलं आणि म्हणाला, त्या काळातल्या पुष्कळ टाक्यांचा धातू असा आहे की भरून भरून मानेत आतून चीर पडते. मग यंत्र लावून दाखवली मला. केसाएवढी. बाहेरून काहीच नाही.

देवानंद : हिच्यात बी?

अनुपमा : हिच्यात. फुटलेलीची जोडीदार आहे ती.

देवानंद : दोन्ही आम्ही घालून उतरलो. आलटून पालटून.

अनुपमा : त्याने आणखी एक विचारलं. टाकीच्या खांद्यावर हे आकडे कोणी ठोकले? खऱ्या ठशात महिना आणि साल असतं, तपासणाऱ्याची खूण असते. दिवस कधीच नसतो. हा वाचा. एकोणीस, एक, पंचवीस. तो म्हणाला, टाकी तपासलेली आहे असं कुणीतरी तुमच्या वडिलांना भासवलंय.

देवानंद : अन् तो कोणीतरी मी.

अनुपमा : एकोणीसला रविवार होता. मी घरी होते. टाकी या अंगणाबाहेर गेली नाही, मग तपासली कोणी? आकडे ठोकायचे पंच या गावात तुमच्याकडेच आहेत.

देवानंद : पंच माहेच. भाऊ घेऊन गेला होता.

अनुपमा : हे बरं आहे. गेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही.

देवानंद : त्या तारखेच्या वर पाह्य. आधीची कोणती?

अनुपमा : चौदा, नऊ, तेवीस.

देवानंद : पोया होता त्या दिवशी. त्याच्या आधीच्या बी सगळ्या पोयाच्या. बैलं धुवून झाले का त्याच हौदात भाऊ टाक्या बुडवे. बुडबुडा नाई आला का त्या दिवसाची तारीख ठोके. खोटं काऊन ठोकन तो? आमच्या लेखी तीच टेस्ट होती.

अनुपमा : आणि चोवीसचा पोळा?

देवानंद : तवा तो दवाखान्यात होता, शुगर वाढून. म्हून राह्यलं. मंग त्या रविवारी संध्याकाळी आला माह्याकडं, पंच मागाले. खुशीत होता. म्हणे, देवा, यंदा टेस्ट पक्की हाय. यंदा अनुनं पाह्यलं, तिचे डोये चांगले हायेत.

अनुपमा : असं म्हणाले?

देवानंद : हाव. तुले इश्वास नाई तर नको ठेवू.

अनुपमा : मी बघत नव्हते.

देवानंद : काय?

अनुपमा : मी वाचत होते. त्यांनी विचारलं की मी नाही म्हणायचे. मान वर करून एकदाही बघितलं नाही.

देवानंद : पण ती चीर तर बाहेरून दिसतच नाई म्हणे.

अनुपमा : त्या माणसालाही मी तीनदा विचारलं. बुडबुडा आला नसताच, म्हणाला.

देवानंद : मंग झालं ना.

अनुपमा : नाही झालं.

देवानंद : नाई. माह्यंही नाई झालं.

अनुपमा : चहा कोणासाठी होता, काका?

देवानंद : कोणासाठीच नोता. टाकी भरत आली होती. मानेतून आवाज आला, टिक असा. भाऊनं माह्याकडं पाह्यलं. म्हणे, जा बे देवा, चहा घेऊन ये. तो चहा पेत नाई हे मले ठाऊक होतं. त्याले कॉम्प्रेसर बंद करायचा होता अन् मी तिथं नको होतो, हेही समजलं. मी इचारलं नाई. माहे पाय निघाले होते, अनु. हॉटेलपाशी पोचलो अन् मांगून...

अनुपमा : हे पोलिसांना सांगितलं नाहीत.

देवानंद : घरीही नाई सांगितलं. काय सांगू? त्यानं जा म्हटलं अन् मी गेलो?

अनुपमा : पाणी आणू तुम्हाला?

देवानंद : नको. या टाकीचं काय करते?

अनुपमा : मान कापून टाका म्हणालाय तो. म्हणजे पुन्हा कोणी भरणार नाही. कटर तुमच्याकडे आहे. न्या आणि कापा.

देवानंद : कापतो. तुह्यासमोर कापतो पाह्यजे तर.

अनुपमा : नको. विश्वास आहे.

देवानंद : बरं झालं मंग. जळगावहून एक मागवतो. परवा रोहिणखेडले जायचं हाय, हो म्हणून बसलो मी.

अनुपमा : ती किती सालची आहे?

देवानंद : आता भाड्याच्या टाकीचं साल कोण इचारते?

अनुपमा : एवढं सगळं ऐकूनसुद्धा?

देवानंद : तिथली माणसं वाट पाहून राह्यली, अनु. अन् मले दुसरं काय येते? वेल्डिंग तर आता गल्लीगल्लीत झालं. विहिरीत उतरणारे या भागात दोनच होतो आम्ही. आता एक.

अनुपमा : मी शाळेत होते तेव्हापासून त्यांना त्या हवेच्या नळ्या गळ्यात अडकवून निघताना बघत आले. दर वेळी एकच गोष्ट मनात यायची, आणि मी दुसरंच काहीतरी बोलायचे. डबा घेतला का, गाडीत पेट्रोल आहे का. मोठी झाल्यावर चेष्टा करायला लागले.

देवानंद : अन् म्हटलं असतं तरी भाऊनं आयकलं नसतं. तुह्यं तर नाईच.

अनुपमा : माहीत आहे. म्हणूनच कधी म्हटलं नाही.

देवानंद : काय म्हटलं नाई?

अनुपमा : नका जाऊ. मला भीती वाटते.