उंबऱ्यावरनं माघारी

सोलापूर स्टँडवर अक्कलकोटच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर शेंगाचटणी विकणारी मावशी आणि तिची वेबसाइट सांभाळणारी भाची.

"बाऊन्स रेट म्हंजी काय गं?"

"येणाऱ्यांपैकी किती जण एकच पान बघून लगेच निघून जातात, ते."

"चहा न घेताच? उंबऱ्यावरनंच माघारी?"

"व्हय, तसंच."

"कोण आलं, ते दिसतंय का तुला?"

"नाव न्हाय दिसत. नवीन हाय का परत आलेलं, आणि अंदाजानं गाव, एवढंच."

"बघू तरी, कुटनं येत्यात लोकं?"

"पुणं, लातूर... आणि हे धारवाड. तितनं सारखं कुणीतरी येतंय, बघतंय आणि जातंय. चटणीच्या पानाकडं फिरकत बी न्हाय."

"मग कुटलं पान बघतंय?"

"तुझा फोटो हाय, तेवढंच."

"माझा? माझ्या फोटोत काय ठेवलंय बघायला?"

"मावशी, तुझी गिरिजा पळून जाऊन लग्न केल्यापासनं धारवाडलाच राहती की."

"तिचं नाव काढू नगंस म्हणलं होतं न्हवं?"

"बरं, न्हाय काढत. गाडी लागली बघ, ऊठ."

"थांब जरा. त्या फोटोत माझ्यामागचं दार बंद हाय न्हवं?"

"व्हय. धूळ येतीया म्हणून तूच लावलंस की."

"उद्या दुसरा काढ. दार सताड उघडं ठिवून."