चिरेतली लांबी

वैशाली : गॅस भरून तपासलं, तर दाबाच्या नळीतलं पाणी परत उतरलं, दाजी. न्यूट्रिनो कण टिपायची ही तिसरी पेटी. काच गळतेय, गॅस धरत नाही.

दाजी : मॅडम, पेणमध्ये चाळीस वर्षं गणपती रंगवतोय. काचेवरचा माझा रंग कुठं उडाला ते दाखवा.

वैशाली : रंग जागच्या जागी आहे. त्याच्याखाली चीर आहे. खरवडली, तर मूर्तीच्या भेगा बुजवायची तुमची पांढरी लांबी निघाली.

दाजी : केसाएवढी तर चीर. भरली. सोंडेला तडा गेला म्हणून कोण मूर्ती फेकून देतो काय?

वैशाली : मूर्ती अनंत चतुर्दशीपर्यंत टिकली की झालं. ही पेटी वीस वर्षं टिकायला हवी!

दाजी : तुमचा न्यूट्रिनो डोंगरातनं आरपार जातो म्हणता. त्याला माझी लांबी काय आडवतेय?

वैशाली : अडवायचंय गॅसला. अशा चिरा किती पेट्यांत भरल्यात?

दाजी : सात... नाय, आठ असतील.

वैशाली : कुठायत त्या?

दाजी : शुक्रवारी निडीला गेल्या. घाई तुमचीच होती.

वैशाली : पेट्या बसवतोय त्या निडीच्या खोल खड्ड्यात? अहो, तिथं शनिवारपासून पेट्यांत गॅस सोडलाय. धूळ नको म्हणून वर ताडपत्री घातलीय.

दाजी : मग जाईल थोडा वाया.

वैशाली : जाईल कुठं? हवेपेक्षा जड असतो तो. वास नाही, रंग नाही. विहिरीत पाणी चढावं तसा तळापासून साचत जातो. खाली श्वासाला हवाच उरत नाही.

दाजी : मॅडम... तारा जोडायला रितेश गेलाय तिथं.

वैशाली : तुमचा रितेश? सोबत कोण आहे?

दाजी : कोण नाय. वॉचमन दुपारी येतो.

वैशाली : फोन लावा. स्पीकरवर टाका. लवकर!

(रिंग बराच वेळ वाजते.)

रितेश : बोला बाबा.

दाजी : कुठं हाईस?

रितेश : खालीच. ताडपत्रीचा कोपरा उचलून उतरलो.

वैशाली : रितेश, सगळं टाक आणि वर ये. आत्ताच्या आत्ता. शिडी धर.

रितेश : व्हय मॅडम. येतो.

दाजी : माझं चुकलं रे पोरा. आधी वर ये, मग काय त्या शिव्या दे.

रितेश : शिव्या कशाला? तुमच्या पेट्या झकास दिसतात, बाबा. एक पण डाग नाय.

दाजी : रितेश, चढतोस ना?

रितेश : चढतो ना. पाय जरा जड झालेत. पाच मिनटं खाली टेकतो, मग चढतो.