शुक्र मध्यरात्री डोक्यावर

श्रीधर : आजारी नाही, गावाला नाही, इंटरनेटही व्यवस्थित आहे. तुमच्या 'आकाशाची ओळख' वर्गात मजा येईनाशी झाली, म्हणून सोडला.

नम्रता : मग तेवढं फोनवर सांगायचं ना, काका! तुम्हाला काही झालं की काय म्हणून मी येरवड्याहून बिबवेवाडीपर्यंत स्कूटर हाणत आले.

हेमा : ह्यांना काय होतंय! तू चहा घे. स्क्रीनवर चांगली पोक्त दिसतेस गं, आणि प्रत्यक्षात एवढीशी!

श्रीधर : सुरुवातीला आपण फार छान शिकवत होता, मॅडम. 'ध्रुवतारा हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा', म्हणालात. काय संध्याकाळ होती ती!

नम्रता : मला व्याध म्हणायचं होतं. तोंडातून ध्रुव गेलं.

हेमा : त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या ह्यांनी.

श्रीधर : आणि मग अचानक आपण बिनचूक शिकवायला लागलात.

नम्रता : तुमच्यामुळेच! तुमचं ते 'एक मिनिट, मॅडम' ऐकून ऐकून धडा घेतला मी. आता वाक्य न् वाक्य तपासून येते.

श्रीधर : तेच तर! सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली माझी. चूकच नसेल तिथे मी नुसता बसून काय करू?

नम्रता : शिकायचं, काका. बाकीचे शिकतात.

श्रीधर : शिकतात?

नम्रता : ...नाही. हजेरी लावतात आणि कॅमेरा बंद करून जातात. मी गुरूच्या चंद्रांबद्दल जीव तोडून बोलतेय आणि समोर नुसत्या काळ्या चौकटी! परवा एकाला प्रश्न विचारला, तर चौकटीतून घोरण्याचा आवाज आला. संस्थेचे दिग्विजय सर म्हणालेत, शनिवारीही लोक टिकले नाहीत तर वर्ग बंद. माझ्या जागी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लावणार. म्हणून एकेकाला फोन केला, तर सगळे एकच विचारतात.

हेमा : काय?

नम्रता : ते चुका काढणारे काका परत कधी येणार?

श्रीधर : असं म्हणाले? सगळे?

हेमा : झालं! आता आठवडाभर ह्यांची मान खाली यायची नाही.

नम्रता : म्हणून म्हणते काका, शनिवारी मी मुद्दाम एक चूक करते. तुम्ही यायचं आणि...

श्रीधर : मुद्दाम? छे! माझ्यासाठी बेतलेली चूक मी धरायची? ही लबाडी आहे, मॅडम.

हेमा : मग ह्यांच्या एकट्यासाठी कशाला? सगळ्यांनाच सांग, आज एक चूक लपवलीय, शोधा. म्हणजे लबाडी नाही.

श्रीधर : आणि मला आधी सापडली नाही तर?

हेमा : दुसऱ्या कुणाला सापडेल. जग चालू राहील.

(शनिवार. तास संपल्यावर नम्रताचा फोन.)

नम्रता : काकू, काका आहेत का?

हेमा : आहेत. फुगून बसलेत. थांब, स्पीकर लावते.

नम्रता : काका, कुणी गेलं नाही! वेळ संपली तरी भांडत होते. दिग्विजय सरांनीही एक चूक काढली, ती चूकच नव्हती. शेवटी हसत म्हणाले, वर्ग चालू राहू दे. आणि 'शुक्र मध्यरात्री डोक्यावर दिसतो' ही लपवलेली चूक धायरीच्या उत्तरेश्वर आजोबांनी बरोब्बर पकडली, तो पहाटे नाहीतर संध्याकाळीच दिसतो म्हणून!

श्रीधर : ते मला लगेच कळलं होतं. मी इतरांना संधी दिली.

हेमा : हो का!

नम्रता : आणि ते उन्हाळ्याचं मनावर घेऊ नका हं.

श्रीधर : घेतलेलं नाही.

हेमा : उन्हाळ्याचं काय झालं? मी कुकरपाशी होते.

नम्रता : काका म्हणाले, पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून उन्हाळा होतो. तर ती सलोनी, आजवर जिचं तोंडही कुणी पाहिलं नव्हतं, तिनं कॅमेरा लावला. म्हणाली, 'एक मिनिट, काका. जवळ तर ती जानेवारीत असते. मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलंय.'

हेमा : अहो, पहिल्या तासाला तर तुम्ही होतात!

श्रीधर : होतो ना. पेन्सिल घेऊन, चुका टिपायला.

नम्रता : सापडली होती एखादी?

श्रीधर : नाही... मॅडम, त्या तासाचं रेकॉर्डिंग मिळेल का?

नम्रता : परत तपासायला?

श्रीधर : नाही हो. तो ऐकायचाच राहिलाय.