बाळंतिणीचे लाडू, घरपोच

माझं माहेर गुहागरच्या बाजूचं, घराभोवती नारळ-पोफळी, आणि माझी आई म्हणजे गावात कुणाकडे बाळंतपण असलं की पहिलं बोलावणं तिला, लाडू वळायला. मी तिच्या शेजारी बसून शिकल्ये. लग्न होऊन इकडे पूर्णगडाच्या अलीकडे आल्ये, आमचे हे होते तोवर रस्त्याच्या कडेला आमचं छोटं दुकान होतं, आमसुलं, फणसपोळी, लाडू. मग ते गेले, रस्ताही पलीकडून नवा झाला, गाड्या तिकडून जायला लागल्या. दुकान आपसूकच बंद पडलं, काय सांगू तुम्हाला.

मुलगा मुंबईला, कंपनीत. चौघांत एक खोली, तिथे बायकोला कुठे नेणार. म्हणून सून माझ्याकडे, मानसी तिचं नाव. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे बाळंतपण माहेरी नाय, माझ्याकडेच झालं. मीच तिची आई झाल्ये तेव्हा. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं केलं. नात झाली, सई.

सई चालायला लागली तसं मानसीला मुंबईला नोकरीचं विचारणं आलं. ती एका मैत्रिणीकडे राहणार, सई माझ्याजवळ ठेवणार. मला म्हणाली, आई, एकाच्या पगारात नाय भागत. मी होय म्हटलं, काय बोलणार. पण पोरीला कुशीत घेऊन बसायची ना ती, तेव्हा माझ्याच्याने बघवायचं नाय.

जायच्या आधी एकदा करून बघूया म्हणून तिने आमच्या लाडवांची वेबसाइट केली. मला काय त्यातलं कळतंय, पण ती समजावायची. लोक मोबाइलवर शब्द टाकून शोधतात, ते शब्द आपल्या पानावर हवेत. तिने टाकले डिंकाचे लाडू, कोकणी पदार्थ, डिंकाचे फायदे. तर काय, माणसं येत होती खूप. मी हरखल्ये. पण ऑर्डर एक नाय. मानसी म्हणाली, आई, हे नुसते वाचायला येतात, कृती बघतात आणि जातात. मी म्हटलं, बरंय की, शिकतील आणि घरी करतील. ती हसली, पण तोंड उतरलं होतं तिचं.

मग एका दुपारी मी डिंक तळत होत्ये, ती सईला भरवत होती, आणि मध्येच थांबली. म्हणाली, आई, माझ्या वेळेला तुम्ही नसतात तर मी काय शोधलं असतं? मी म्हटलं, असं काय बोलतेस गो. ती म्हणाली, नाय, खरंच. मी कृती नसती शोधली, मला करायला कोण होतं. मी लिहिलं असतं, बाळंतिणीचे लाडू घरपोच. लिहिलं असतं, बाळंतिणीसाठी घरी केलेले लाडू कुठे मिळतील. बोलता बोलता रडायला लागली. मी शेगडी बंद केली आणि वाईच तिच्याजवळ जाऊन बसल्ये.

संध्याकाळी तिने सगळं पान बदललं. फायदे काढले, तिचे ते शब्द घातले, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात ना पोरं, तसेही घातले. पुणे, नागपूर, कुठे कुठे पोचतं तेही लिहिलं. अळिवाचे मी नको म्हटलं, ओला नारळ वाटेत टिकत नाय. डिंकाचेच ठेवले, सुकं खोबरं घालून.

आता येणारे थोडे, पण जो येई तो घ्यायलाच येई. पहिला फोन नागपूरहून, एका मुलीचा, सातवा सरलेला. विचारते, लाडू कोण करतं? म्हटलं, मीच. मग हळूच विचारते, कधी खायचे, कसे खायचे, सांगाल का, घरात सांगणारं कुणी नाय. मी सांगत बसल्ये. मानसी समोर उभी राहून ऐकत होती.

तिच्यामागून दुसरी, मग कुणाचा नवरा, कुणाची नणंद. दिवाळी झाली आणि मानसीने मुंबईला नोकरीवाल्यांना कळवलं, मी येत नाय. फोन ठेवला आणि सईला उचलून अंगणात फिरत राहिली, कितीतरी वेळ. मी आतूनच बघितलं.

आता माझे गुडघे दुखतात, पाक तीच करते, मी बसून वळत्ये. परवा ती नागपूरची बाळंत झाली, मुलगी झाली. फोनवर बाळाचं रडणं ऐकवलंन मला. म्हणाली, तुम्हाला काय म्हणू? म्हटलं, तोंडात येईल ते म्हण. तर मला आईच म्हणाली. मी म्हटलं, खा हो बाय, गरम दुधाबरोबर खा, आणि उठायची घाई करू नको.