मुंजाजीनं आणलेला हॉटेलाचा रेग्युलेटर

...आणि वर मलाच सांगतो, "त्या गॅसला प्रेशरच न्हाई." आता तुम्हीच बोला, शेगडी धड, ज्वाळ चांगली निळी, भाकर टम्म फुगून राहिली, आणि या माणसाला प्रेशर कमी वाटतं. वाटणारच म्हणा. डोंगरकडा गावचा मुंजाजी तो, अर्धा जन्म केळीच्या ठिबकात गेलेला. ठिबकात काय असतं, प्रेशर असलं तर शेवटच्या झाडाला पाणी, नसलं तर शेवटचं झाड पिवळं. त्यामुळं जगातल्या सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडं एकच औषध. पोरगं अभ्यास करत नाही? प्रेशर वाढवा. ग्रामसेवक भेटत नाही? प्रेशर वाढवा. पण गॅस? गॅसला कोणी प्रेशर वाढवतं का हो?

तसा गॅस त्याच्या घरात आजचा नाही. टाकी कोपऱ्यात उभी, तिच्या डोक्यावर पिठाचा डबा, आणि त्याची बायको रुक्माबाई बाहेर चुलीपुढं फुंकणी घेऊन. काहून? तर ह्याला गॅसचं भेव. आता मिशीवाल्या माणसाला भेव वाटतं म्हणायची सोय नाही, म्हणून ह्यानं एक गोष्ट रचली. म्हणे नरसीकडं कोणाची तरी टाकी उडाली, पत्रं फाडून वर गेली, थेट कयाधू नदीत पडली, आणि मग कितीतरी दिवस लोकांच्या जाळ्यात मासे शिजलेलेच येऊन राहिले होते, नुसतं मीठ लावायचं बाकी. रचली बायकोसाठी, पण इतक्यांदा सांगितली, इतक्यांदा सांगितली, की बायकोला ती खोटी वाटायला लागली आणि ह्याला खरी.

अन मग रुक्माबाईला दमा निघाला. कळमनुरीच्या डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि म्हणाला, "चूल सोडा बाई. न्हाईतर एखाद्या वेळी आत गेलेला श्वास बाहेर यायचा न्हाई." येताना गाडीवर मुंजाजी तोलून राहिला. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला ते शिजलेले मासे. शेवटी म्हणाला, जोडू. जोडू म्हणजे काय, रुक्माबाईनं जोडला. हा उंबऱ्यावर उभा राहून, "दाब अजून, खट् वाजलं पाहिजे, वाजलं का?" भ्याला नाही हं मुंजाजी. उंबऱ्यावरून उजेड चांगला पडतो, इतकंच.

बरं, जोडला ना? मग गप बसावं. नाही. ह्याचं डोकं चालू. म्हणे गॅस जितका वेळ पेटलेला तितका वेळ जिवाला घोर. भाजीला अर्धा घंटा लागला तर अर्धा घंटा घोर. मग ज्वाळच मोठी केली तर? झट शिजलं, पट बंद. बघा, भित्रा माणूस हिशोब किती बराबर करतो ते.

गेला कळमनुरीच्या बाजारात. तिथं एकानं हॉटेलाच्या भट्ट्यांचं सामान मांडलेलं. त्याला म्हणतो, "लई प्रेशरवाला रेग्युलेटर दे." तो बिचारा म्हणतो, "चाचा, ये भट्टी का है. घर में नक्को लगाव."

"आमच्या टाकीवर बसल का पण?"

"बैठने को तो बैठता, मगर..."

बैठता इतकं ऐकलं. पुढचं 'मगर' बाजारातच राहिलं.

घरी आला. रुक्माबाई म्हणाली, "आवो, पहिल्याला काय झालतं?"

"तुला न्हाई कळायचं. शेवटच्या झाडापोत प्रेशर पाहिजे."

"घरात कुठलं झाड हाय?"

ह्यानं रेग्युलेटरच बसवला. ह्या खेपेला स्वतः, मान मागं करून, डोळे मिटून. वरचा खटका पार शेवटपर्यंत फिरवला आणि उंबऱ्यावर येऊन म्हणाला, "आता लाव."

तिनं तवा ठेवला, भाकर टाकली, लाईटर दाबला...

सूंऽऽऽ असा आवाज, तुम्हाला सांगतो, जसा काही शेगडीत नाग बसलाय. ज्वाळ तव्याच्या चारी अंगानं वर निघाली ती पत्र्याला टेकली. नळी फुगली, थरथर कापायला लागली. भाकर वरून कच्ची, खालून कोळसा. आणि मुंजाजी? भ्याला नाही हं. तो फक्त अंगणात आला, मदत बोलवायला. मग रस्त्यावर गेला, कारण मदत रस्त्यानंच येणार. मग रस्त्याच्या पलीकडच्या लिंबाच्या झाडामागं गेला, कारण... जाऊ द्या.

शेजारची द्वारकाबाई पळत आली. "भावजी, रुक्मा कुठं हाय?"

तेव्हा त्याला कळलं. रुक्मा आत. हा बाहेर.

आता बघा, ज्या माणसानं टाकी कयाधूपर्यंत उडवली, मासे शिजवले, त्या माणसाला त्या घडीला एक शब्द सुचेना. "रुक्मे, बाहेर ये" म्हणायचं होतं, तोंडातून नुसती हवा. आत पळावं म्हटलं, तर हातांनी झाडालाच मिठी मारलेली. आतून सूंऽऽ चालूच. ह्याच्या डोळ्यापुढं पत्रा उडालेला, भिंती पडलेल्या, आणि त्याच्यात बायको, जिला धुरापासून वाचवायला ह्यानंच तो गॅस पेटवायला लावला.

आणि एकदम आवाज बंद झाला.

तुम्हाला वाटेल सुटला. कुठलं हो. आवाज होता तेव्हा निदान काहीतरी चालू होतं. आता काहीच नाही. झाडाला मिठी मारून मुंजाजी ऐकून राहिला... आणि आतून खोकला आला. रुक्माबाईचा. ज्या खोकल्यानं ह्याची झोप उडायची, तोच खोकला ऐकून हा माणूस झाडाला धरून रडला.

रुक्माबाई दारात आली. एका बाजूची भुवई जळालेली. म्हणाली, "बंद केला."

"कसा?"

"खटका उलटा फिरवला. वावरातले ठिबकाचे कॉक रोज कोण बंद करतं, तुमी?"

द्वारकाबाई आत शिरता शिरता ओरडली, "दारं-खिडक्या उघड्या टाक, लाईटीच्या बटनाला हात लावू नको." मग त्या हॉटेलाच्या रेग्युलेटरला उचलून उकिरड्यावर, पहिला परत टाकीवर. खट्. आणि झाडामागून मुंजाजीचा सल्ला, "एकदा काडी लावून बघा, कुठून निघून राहिला का."

तोवर जमलेली सगळी गल्ली त्याच्याकडं बघायला लागली.

"भावजी," द्वारकाबाई म्हणाली, "साबणाचा फेस लावून बघतेत. बुडबुडा आला तर निघून राहिला, न्हाई आला तर न्हाई. काडी तुमच्या कयाधूच्या माशांला लावा."

बुडबुडा आला नाही. हा तरी अंधार पडेपर्यंत झाडापासून हलला नाही. भ्याला नव्हता, झाडाला टेकून विचार करत होता म्हणे.

आता रुक्माबाईचं बरं आहे. रात्री झोपते, दिवसा श्वास धड. रेग्युलेटर लावते, काढते, नळी जुनी झाली तर बदलून आणते, गॅसचं तिला भेव म्हणून राहिलं नाही. मुंजाजीचं मात्र... परवा भर उन्हात बाहेर बसलेला दिसला. म्हटलं, "मुंजाजी, काहून इथं?"

"आत गॅस चालू हाय."

"दुपारी काय शिजून राहिलं?"

"चहा." घाम पुसला. "सकाळी उठल्यावर चहा. जेवल्यावर चहा. मी घरात बसून दोन शब्द बोलायला लागलो का चहा." मग घराकडं बघत हळूच म्हणाला, "अन बाबा, रुक्मी पहिलं चहा पीतच नव्हती."